लहान कुत्र्याला दाण्यांवरून कच्च्या मांसावर आणायचंय : मापं, हाडं, काळीज, फ्रीज

शाहूपुरीकर

पॉमेरेनियन मादी, वय चार, नसबंदी झालेली, वजन पाच किलो. सध्या रोज ८५ ग्रॅम ड्राय फूडचे दाणे, दोन वेळा विभागून. पिशवीवर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी छापलंय. कच्च्या मांसावर आणायचा विचार आहे. यूट्यूबवर एक जण म्हणतो वजनाच्या अडीच टक्के द्या, दुसरा म्हणतो आधी एक दिवस उपाशी ठेवा, तिसरा नुसत्या चिकनच्या माना घाला म्हणतो. कोल्हापुरात जे मिळतं त्यात बसेल असं कुणी नीट सांगेल का? किती, कुठला भाग, कुठल्या क्रमाने. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत, तेही धरून सांगा.

पंचगंगा_घाट

उपासाचा विषय आधी निकालात काढू. मोठ्या कुत्र्यांसाठी कुणीतरी सांगितलेलं ते सगळ्यांना चिकटलंय. लहान जातीत रक्तातली साखर लवकर उतरते. पाच किलोच्या कुत्रीला २४ तास उपाशी ठेवून काहीही साधत नाही, वर रिकाम्या पोटी पिवळं पित्त ओकायला लागते. बदलाच्या काळात उलट दोनाच्या जागी तीन वेळा द्या, थोडं थोडं.

आता ते अडीच टक्के. गणित करून बघा. विश्रांतीची गरज काढायचं सूत्र म्हणजे ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. पाच किलोला २३४ किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या कुत्र्याला त्याच्या १.४ ते १.६ पट लागतं, म्हणजे ३२८ ते ३७४. तुमचे ८५ ग्रॅम दाणे ३२३ किलोकॅलरी देतात आणि तेवढ्यावर वजन टिकून असेल तर तुमच्या कुत्रीचा खरा आकडा तोच. सूत्र बाजूला ठेवा.

अडीच टक्के म्हणजे १२५ ग्रॅम. बिनकातडीचं, बिनहाडाचं चिकन १०० ग्रॅमला १२० ते १३० किलोकॅलरी देतं. म्हणजे झाले जेमतेम १६०, गरजेच्या निम्मे! अडीच टक्क्यांचं माप तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला, जरा चरबीच्या मांसावर, बरोबर बसतं. जनावर जितकं लहान तितकी किलोमागे ऊर्जा जास्त लागते. पाच किलोला चांगलं बिनचरबीचं मांस असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास जावं लागतं. महिन्याभरात पॉमची हाडं हाताला लागायला लागली की लोक कच्च्या आहाराला दोष देतात. चूक बहुतेक वेळा मापात असते.

तुमच्यासाठी सोपा हिशोब : १० ग्रॅम दाणे काढले की ३० ग्रॅम बिनकातडीचं चिकन घालायचं. दोन्हींत ३८ च्या आसपास किलोकॅलरी.

पहिले तीन-चार दिवस ७५ ग्रॅम दाणे, ३० ग्रॅम चिकन.
मग चार दिवस ६० दाणे, ७५ चिकन.
मग पाच दिवस ४० दाणे, १३५ चिकन.
मग चार-पाच दिवस २० दाणे, १९५ चिकन.
शेवटी दाणे बंद, एकूण २५०-२५५ ग्रॅम.

शी सैल झाली तर पुढच्या पायरीवर जायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. पाणीदार झाली तर एक पायरी मागे. या सगळ्या काळात एकच प्राणी, एकच भाग. चिकन सुरू केलंय तर चिकनच. मटण, अंडं, काळीज (लिव्हर), मासा यातलं काही नाही. नाहीतर कशाने बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही.

दाणे आणि मांस एका ताटलीत दिलं तर पचनाची वेळ जुळत नाही म्हणून सडतं, असंही सांगतात. त्याला आधार नाही. खुशाल एकत्र द्या.

आणि डिजिटल वजनकाटा घ्या, एक ग्रॅम दाखवणारा. पाच किलोच्या कुत्रीत वाटीच्या अंदाजाने चालत नाही.

करवीर_पशुवैद्य

वरचं गणित बरोबर आहे. पण मी मुळात कच्चं द्या असं सांगणार नाही, आणि का ते स्पष्ट लिहितो.

अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्च्या प्राणिजन्य आहाराविरुद्ध धोरण घेतलं. तिकडच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या आहाराचे १९६ नमुने तपासले : १५ मध्ये साल्मोनेला, ३२ मध्ये लिस्टेरिया, दोन्ही माणसाला आजारी पाडणारे जंतू. ते पॅकबंद, गोठवलेलं उत्पादन होतं. उघड्यावर कापलेल्या आपल्या चिकनचं काय ते तुम्हीच ठरवा.

कुत्रं स्वतः बहुतेक वेळा ठणठणीत राहतं. जंतू शीतून बाहेर पडतात, तोंडाला आणि केसांना लागतात, आणि तेच तोंड पोराच्या गालावर येतं. सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीच्या बाई ज्या घरात आहेत तिथे माझं उत्तर ‘शिजवून’ असंच आहे. घरात गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला माणूस किंवा स्टेरॉइडवरचा रुग्ण असेल तर चर्चाच नको.

फ्रीजरमध्ये ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं हा गैरसमज फार पक्का बसलाय. उणे १८ अंशांत काही परजीवी मरतात. साल्मोनेला मरत नाही, झोपतो. मांस वितळलं की उठतो.

बर्ड फ्लूचंही ध्यानात ठेवा. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि जानेवारी २०२५ मध्ये तपासणीत एच५एन१ निघाला. कच्च्या चिकनबद्दल सगळ्यात जास्त सावध मांजरवाल्यांनी राहावं, पण कुत्र्यालाही लागण होऊ शकते. कुठेही कोंबड्या मरत असल्याची बातमी आली की कच्चं चिकन बंद, हा नियम दोघांनाही.

ज्यांना द्यायचंच आहे त्यांनी ही कुत्री तरी वगळावीत : वर्षाच्या आतलं पिल्लू, आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेलं, किडनीचा आजार असलेलं, कसल्याही प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधावरचं.

नादखुळा_०९

काय राव डॉक्टर, घाबरवून सोडताय. लांडगा काय गॅस पेटवून खातोय होय? कुत्रं म्हणजे लांडग्याचीच जात की.

करवीर_पशुवैद्य

जात तीच, पण पोट थोडं वेगळं झालंय भावा. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात कुत्र्याच्या जनुकांत पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आढळल्या. माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून भात-भाकरी पचवायला शिकलेलं जनावर आहे ते. आणि रानातला लांडगा जंतांनी भरलेला असतो, त्याच्या तोंडाजवळ कुणाचं पोर झोपत नाही.

बावडा_चिकन_मटण

दुकानाच्या बाजूने काय मागायचं, काय टाळायचं ते सांगतो.

चिकन सकाळी लवकर घ्या. समोर कापलेलं, आणि तुमचं कापायच्या आधी ओंडका आणि सुरी धुवायला सांगा. लाजायचं कारण नाही. कातडी काढून घ्या, कारण चरबी बरीचशी कातडीतच असते आणि लहान कुत्र्याला तीच बाधते. दुकानातल्या टबात बुचकळून धुतलेलं घेऊ नका. त्या पाण्यात सकाळपासूनच्या सगळ्या कोंबड्या येऊन गेलेल्या असतात. घरीही नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर उडतात.

खिमा करून घेणार असाल तर मशीन उघडल्या उघडल्या पहिला नंबर लावा. खिम्याला हवा आणि हात जास्त लागतात, लवकर खराब होतो. त्याच दिवशी फ्रीजरमध्ये गेला पाहिजे. साधं खिमा मशीन हाडं घेत नाही, घरचा मिक्सरही नाही, पातं जाईल. हाडासकट खिमा हवा तर हाड दळायचं वेगळं मशीन असलेलं दुकान शोधावं लागतं.

चिकनचं काळीज घेताना हिरवी पित्ताची पिशवी चिकटलीय का बघा. न फोडता काढा. फुटली तर सगळं काळीज कडू, कुत्रं तोंड लावणार नाही. पेटा (गिझर्ड) चिरून आतलं पिवळं अस्तर आणि खडे काढलेलेच घ्या. पेटा आणि हृदय यांना मांस म्हणूनच धरायचं. ‘अवयव’ म्हणजे काळीज, गुर्दा, पाणथरी (प्लीहा).

बकऱ्याचं काळीज हातात घेऊन नीट बघा. पाणी भरलेली पांढरट गाठ दिसली किंवा कापल्यावर नळ्यांतून चपटे किडे निघाले तर घेऊ नका. फोपशातही अशाच गाठी असतात. आणि कृपा करून ते गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकू नका.

करवीर_पशुवैद्य

शेवटच्या ओळीला दहा वेळा अनुमोदन. त्या पाण्याच्या गाठी म्हणजे हायडॅटिड, इकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची अळी. शेळी-मेंढी-म्हशीच्या काळजात आणि फोपशात गाठ, कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात कृमी, शीतून अंडी, आणि ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात गाठ. कुत्र्याला काही होत नाही म्हणून कळतही नाही. आपल्याकडे हे चक्र चालू आहे. म्हणून बाकी काहीही कच्चं द्या, पण बकऱ्या-म्हशीचं काळीज, फोपसं, गुर्दा, वजडी यांतलं काही कच्चं द्यायचं नाही. तुकडे करून अर्धा तास खळखळ उकळा.

जंताच्या औषधाचं वेळापत्रकही बदलतं. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी, कारण आत गेलेली अळी मोठी होऊन अंडी सोडायला साधारण तेवढाच काळ घेते. मात्रा किलोला पाच मिलिग्रॅम, म्हणजे पाच किलोला २५. बाजारातल्या मिश्र गोळ्या बहुतेक दहा किलोला एक अशा मापाच्या असतात, तुमची अर्धी. पाकिटावरचं वाचून, वजन करून, आपल्या डॉक्टरांना दाखवूनच.

शाहूपुरीकर

हाडांचं कसं? दाणे बंद केल्यावर कॅल्शियम कुठून येणार? मानांचंच सगळे सांगतात.

रंकाळा_फेरी

मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम दहा-बारा. कुत्र्याला दोन्ही साधारण एकास एक ते दोनास एक लागतं. नुसत्या मांसावर ठेवलं की शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम उपसतं. पिल्लात महिन्याभरात पाय वाकतात. मोठ्यात वर्ष-दोन वर्षं काही दिसत नाही आणि मग जबडा मऊ पडतो, दात हलतात. लोक फसतात ते इथेच, कारण मधल्या काळात कुत्रं छान तुकतुकीत दिसत असतं.

एकूण आहारात हाड आठ ते दहा टक्के पुरतं. पण ‘दहा टक्के हाड’ म्हणजे दहा टक्के माना नव्हे. प्रत्येक भागात हाडाचा वाटा वेगळा. कातडीसकट मानेत साधारण ३६ टक्के, कातडी काढलेल्या मानेत ७५, पंखात ४५ च्या आसपास, पंज्यात ६०, लेग पीसच्या नळीत ३३, मांडीत २०. नुसत्या माना घालणारा माणूस कुत्र्याला एक तृतीयांशाहून जास्त, बिनकातडीच्या असतील तर पाऊण भाग हाड घालतोय. मग शी खडूसारखी पांढरी, भुसभुशीत, आणि कुत्रं कुंथत बसतं.

पाच किलोच्या पॉमला मानेची आणखी एक अडचण आहे. मानेचा तुकडा गोल आणि तिच्या घशाच्या मापाचा. अधाशी कुत्रं न चावता गिळतं आणि तो आडवा बसतो. दाण्यावर वाढलेल्या कुत्र्याला चावायची सवयच नसते. त्यापेक्षा पंखाचा मधला चपटा भाग द्या, ज्यात दोन बारीक हाडं असतात. द्यायच्या आधी बत्त्याने चार-पाच ठिकाणी ठेचा, म्हणजे हाड मोडतं पण मांसाला धरून राहतं. एक टोक चिमट्याने किंवा हातमोजा घालून धरून ठेवा, दुसऱ्या टोकाने चावू दे. खाऊन होईपर्यंत समोरून हलायचं नाही.

बकऱ्याची नळी, म्हशीचं पायाचं हाड अजिबात नको. ज्या हाडावर एवढ्या मोठ्या जनावराचं वजन पेललं गेलं ते पॉमच्या दातापेक्षा कठीण असतं. वरच्या जबड्यातला मोठा कातरीचा दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते आणि दात काढावा लागतो. मुंडीच्या बाजूला गळ्याचं मांस श्वासनलिकेसकट मिळतं, तेही टाळा. थायरॉइड ग्रंथी त्यातच अडकलेली असते आणि रोज पोटात गेली तर कुत्र्याच्या रक्तातला थायरॉइड वाढतो.

करवीर_पशुवैद्य

मानांबद्दल एक भर. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी कच्चं चिकन खाणं आणि कुत्र्यांमधला एक प्रकारचा लकवा यांचा संबंध दाखवला, मधला दुवा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू. आधी मागचे पाय लुळे, मग पुढचे, भुंकण्याचा आवाज बदलतो. दुर्मीळ आहे, बहुतेक कुत्री आठवडे-महिन्यांत सावरतात, पण श्वासाचे स्नायू गेले तर जीव जातो. मागचे पाय लटपटले की ‘उडी मारताना लागलं असेल’ म्हणून दोन दिवस घालवू नका.

नादखुळा_०९

मग रविवारच्या मटणाची हाडं? घरोघरी तीच तर जातात कुत्र्याला. पांढऱ्या रश्श्यात भिजवलेली भाकरी पण.

रंकाळा_फेरी

शिजलेलं हाड नाही म्हणजे नाही. शिजल्यावर हाडातला चिवट भाग विरघळतो, उरतं ते कडक आणि ठिसूळ, टोकदार कपच्या निघतात. आणि आपल्या गावात रस्सा कुठलाही असो, तांबडा की पांढरा, कांदा-लसूण त्यात असणारच. दोन्हीने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्याने विषारीपणा जात नाही. कांदा-लसूण मसाला तर वाळवून आटवलेला, चिमटीत भरपूर. रक्ती-मुंडीचंही तेच. पाच किलोच्या कुत्रीला ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे गणित लागू पडत नाही.

राजारामपुरी_सहावी

पूर्ण आठवड्याचं कोष्टक टाकते, पाच किलोसाठी. सगळी वजनं कच्च्या मांसाची, बाजारात मिळणाऱ्या भागांत.

चिकन, बिनहाडाचं, मांडीचं जास्त : ६०० ग्रॅम
बकऱ्याचं किंवा म्हशीचं चरबी काढलेलं मांस : ३५० ग्रॅम
चिकनचे पंख, टोक काढून : ३३५ ग्रॅम
पेटा आणि हृदय : १५० ग्रॅम
चिकनचं काळीज : ७५ ग्रॅम
गुर्दा किंवा पाणथरी, उकळून : ७५ ग्रॅम
अंडी : दोन, उकडून
तारली किंवा बांगडा, काटे काढून, शिजवून : १२० ग्रॅम

एकूण १८०० च्या आसपास, दिवसाला साधारण २५५ ग्रॅम आणि ३१५ किलोकॅलरी. हाड साडेआठ टक्के बसतं.

मासा का शिजवायचा : कित्येक माशांच्या कच्च्या मांसात थायामिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. उष्णतेने ते नष्ट होतं. रोहू-कटलासुद्धा शिजवूनच, आणि त्यांचे काटे फार, त्यापेक्षा कोकणातून येणारी तारली बरी; ओमेगा-३ ही तिच्यातच जास्त. अंडं का उकडायचं : कच्च्या पांढऱ्या बलकात अ‍ॅव्हिडिन असतं, ते बायोटिन अडकवून ठेवतं.

काळीज वाढवायचा मोह होतो, कारण कुत्रं त्यावर तुटून पडतं. ७५ ग्रॅमच्या वर नको. बकऱ्याचं काळीज वापरलं तर निम्मं, त्यात अ जीवनसत्त्व चिकनच्या काळजापेक्षा बरंच जास्त असतं. ते शरीरात साठतं, आणि महिनोन् महिने जास्त गेलं तर मणक्याची हाडं एकमेकांना जुळायला लागतात. सुरुवात करताना नखाएवढा तुकडा, मग दर दोन दिवसांनी थोडा वाढवत.

मटण परवडत नाही म्हणून नुसत्या चिकनवर ठेवणारे बरेच आहेत (मटणाच्या दरावरून आंदोलन करणारं गाव आपलं, कळतंय). पण जस्त कमी पडतं. चिकनमध्ये १०० ग्रॅमला दीड-दोन मिलिग्रॅम, बकऱ्याच्या मांसात चारच्या आसपास. पाच किलोला दिवसाला सहा-साडेसहा लागतं. ई जीवनसत्त्व, मँगनीज, आयोडीन, ड हेही या कोष्टकात काठावर किंवा काठाखाली आहे. म्हणून यावर वर्षानुवर्षं काढायचं असेल तर कुत्र्यांसाठीचं संपूर्ण जीवनसत्त्व-खनिज मिश्रण डॉक्टरांकडून, वजनाच्या मापाने. त्यात कॅल्शियम आहे का ते आधी वाचा. असेल तर हाडं आणि ते दोन्ही नको.

शाहूपुरीकर

सासूबाईंनी हा धागा वाचला. ओट्यावर कच्चं काही चालणार नाही म्हणाल्या. शिजवून द्यायचं तर वरच्या कोष्टकात काय बदलेल?

करवीर_पशुवैद्य

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बदल फारसा नाही.

पंख काढा. त्यांच्या जागी २८० ते ३०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन वाढवा, पंखांतल्या मांसाची आणि कातडीची ऊर्जा त्यात भरून निघते. मांस कच्चं असतानाच मोजा, कारण शिजल्यावर पाणी सुटून पाव ते तीस टक्के वजन उतरतं. शिजल्यानंतर २५५ ग्रॅम मोजून घालणारे लोक कुत्र्याला जाड करतात. पाणी बेताचं घाला, दहा-बारा मिनिटं शिजवा (गुर्दा-पाणथरी मात्र वर सांगितल्याप्रमाणे अर्धा तास), आणि ते पाणी ताटलीतच द्या, पाण्यात विरघळणारी बी जीवनसत्त्वं त्यात उतरतात. वर साठलेली चरबी मात्र गार झाल्यावर काढून टाका. मीठ, हळद, तेल, फोडणी काही नाही.

कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड. टरफलं धुवा, दहा मिनिटं उकळा, कडक उन्हात किंवा तव्यावर पूर्ण वाळवा, मिक्सरमधून काढा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं पुन्हा दळा. रवाळ पूड पोटात विरघळत नाही, तशीच बाहेर पडते. चहाचा सपाट चमचाभर पूड पाच-सहा ग्रॅम भरते आणि त्यातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. तुमच्या कुत्रीला दिवसाला दीड ग्रॅम पूड, म्हणजे पाव चमचा. शिजवून झाल्यावर ताटलीत मिसळा. आठवड्याचं एकदम शिजवत असाल तर एकूण दहा-अकरा ग्रॅम. दाण्यांत कॅल्शियम असतंच, त्यामुळे दाणे निम्म्यावर येईपर्यंत पूड लागत नाही. ४० ग्रॅमच्या पायरीवर अर्धी मात्रा, दाणे बंद झाल्यावर पूर्ण.

कुकरमध्ये हाडं पीठ होईपर्यंत शिजवायची युक्ती पुढे कुणीतरी सांगेलच. दहा हाडं बोटाने चुरतात, अकरावं चुरत नाही. पूड सोपी आहे.

मंगळवारपेठ_डॉग्ज

शी बघून काय समजायचं तेवढं सांगतो, बाकी सगळे बोललेतच.

पांढरी, कोरडी, हाताळली की भुगा : हाड किंवा टरफल जास्त. काळपट, चिकट, सैल : काळीज-गुर्दा जास्त किंवा फार लवकर वाढवलं. पिवळट, तेलकट चमक : चरबी जास्त. वर शेंबडासारखं आवरण, एखाद्या वेळी : आतडं चिडलंय, एक पायरी मागे. मांसावर आलेल्या कुत्र्याची शी आकाराने लहान आणि दिवसातून एकदाच होणं नेहमीचं आहे, बद्धकोष्ठ समजू नका. पाणीही कमी पिते, कारण मांसात सत्तर टक्क्यांवर पाणी आणि दाण्यांत जेमतेम दहा. सैल असेल तर उकडलेला लाल भोपळा चहाचा एक चमचा, दिवसातून दोनदा.

थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा : पुन्हा पुन्हा उलट्या, रक्त, दोन दिवस कुंथूनही काही नाही, किंवा पुढचे पाय जमिनीला आणि मागचा भाग वर अशी नमस्कारासारखी बसक घेऊन राहणं. ही शेवटची बसक स्वादुपिंडाच्या सुजेत दिसते, आणि लहान जातीत ती एका चरबीच्या जेवणानंतरही येऊ शकते. दिवाळीत कुणीतरी मटणाची चरबी खाऊ घालतं, ते हेच.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, उपाशीपोटी. पाच किलोत पाव किलो म्हणजे पाच टक्के, माणसात तीन-साडेतीन किलोइतकं. तेवढं हललं की माप दहा टक्क्यांनी बदला.

बावडा_चिकन_मटण

फ्रीजचं राहिलं. एका दिवसाची एक पिशवी, चपटी करून, तारीख घालून. गोळा करून ठेवलं तर मधलं गोठायला वेळ लागतो. रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, सकाळपर्यंत सुटतं. ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही, मे महिन्यात तर मुळीच नाही. वितळलेलं पुन्हा गोठवू नका. ताटलीत अर्ध्या तासाच्या वर उरलं तर टाकून द्या. ताटली स्टीलची, प्लॅस्टिकला पडलेल्या चिरांत घाण राहते.

लाइट गेली तर दार उघडून बघू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने दोन दिवस धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, खालचा भाग मात्र चार तास. वळवाच्या पावसाने तारा पडल्या की हे कामाला येतं.

शाहूपुरीकर

ठरलं, शिजवूनच. अंडी आणि मासा दुसऱ्या महिन्यापासून. एकच राहिलं : मे महिन्यात आठ दिवस गावी जातो, तिथे फ्रीजर नाही. तेव्हा दाणे दिले तर पुन्हा पोट बिघडेल का?

पंचगंगा_घाट

एकदम बदललं तर बिघडेल. म्हणून दाणे पूर्ण तोडूच नका. रोज १० ग्रॅम चालू ठेवा, मांस ३० ग्रॅमने आणि टरफलाची पूड चिमूटभर कमी. पोटाला ओळख राहते. जायच्या चार दिवस आधी ३०, मग ५०, मग ७०, निघताना ८५. परत आल्यावर तसंच उलट, फक्त या वेळी आठवड्यात उरकेल. दाण्यांची लहान पिशवी घ्या, उघडल्यावर हवाबंद डब्यात पिशवीसकट ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. दमट हवेत तेल खवट होतं आणि बुरशी धरते.

करवीर_पशुवैद्य

निघायच्या आधी एक रक्ततपासणी करून घ्या, मग सहा महिन्यांनी पुन्हा. मांसावरच्या कुत्र्यात युरिया आणि क्रिएटिनीन थोडं वर येऊ शकतं. रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांना आहार काय आहे ते आधी सांगा, नाहीतर नसलेल्या किडनीच्या आजाराचं पथ्य सुरू होईल.